उद्या नऊ ते चार

फ्रिजच्या दाराला चुंबकाखाली एक कागद लावलेला आहे. पंधरा दिवसांपूर्वी वीज कंपनीकडून आला. उद्या, बुधवारी, सकाळी नऊ ते दुपारी चार आमच्या रस्त्यावरच्या घरांची वीज बंद राहील, खांब आणि तारा बदलायच्या आहेत, एवढाच मजकूर. येता-जाता रोज त्याच्यावर नजर पडायची. पण आज सकाळी पडदा सारला आणि समोरचं घरही दिसेना इतका बर्फ पडताना पाहिला, तेव्हा तो कागद काढून हातात घेतला आणि पहिल्यांदा नीट वाचला.

आम्ही राहतो ते ओरिलिया गाव कॅनडात, टोरांटोच्या उत्तरेला दीडेक तासावर. एका अंगाला सिमको सरोवर, दुसऱ्या अंगाला कूचिचिंग. पश्चिमेला जॉर्जियन बे नावाचं अफाट पाणी. वायव्येचा कोरडा, गोठवणारा वारा त्या पाण्यावरून येताना ओल आणि ऊब उचलतो आणि जमिनीवर आला की ती सगळी ओल बर्फाच्या रूपानं टाकून देतो. अरबी समुद्रावरचे ढग जसे आंबोलीच्या घाटात येऊन रिते होतात, तसंच काहीसं. मी कुडाळकडची. आंबोलीचा पाऊस पाहिलेला असल्यामुळे इथला बर्फ मला पहिल्या वर्षीसुद्धा परका वाटला नाही. परकी वाटली ती त्याची शांतता. पाऊस कौलांवर बोलतो, पन्हाळीतून बोलतो, पागोळ्यांमधून रात्रभर बोलत राहतो. बर्फ मात्र आला की आधीचे आवाजसुद्धा पुसून टाकतो. ताज्या बर्फाच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, ती आवाज पिऊन घेते. आत्ता खिडकीशी उभी आहे तर रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक गेलेला दिसला, ऐकू आला नाही.

ऐन जानेवारीत, उणे अठरा तापमानात कुणी वीज बंद करतं का, असा प्रश्न पत्र आलं तेव्हा मलाही पडला होता. उत्तर घरामागेच आहे. आमच्या रस्त्याला येणारी तार मागच्या दलदलीतून येते. सीडरची दाट झाडी आणि खाली गोठेपर्यंत काळं पाणी. उन्हाळ्यात तिथे माणूस गुडघाभर रुततो, मग खांब उचलणारी अवजड गाडी कुठून जाणार? थंडीनं ती दलदल दगडासारखी घट्ट झाली की मगच तिच्यावरून यंत्रं नेता येतात. म्हणजे ज्या गोठण्याची आपल्याला भीती वाटते, त्याचीच ही माणसं वर्षभर वाट पाहतात. भातलावणीसाठी चिखल व्हायची वाट पाहणारा शेतकरी मला माहीत होता. खांब रोवण्यासाठी चिखल गोठायची वाट पाहणारा इथे कळला.

इथे विजेला ‘हायड्रो’ म्हणतात. ‘हायड्रो गेली’, ‘हायड्रोचं बिल आलं’. नायगाऱ्याच्या पाण्यापासून झालेली वीज सगळ्या प्रांताला मिळावी म्हणून ऑन्टेरिओनं १९०६ मध्ये अ‍ॅडम बेक यांच्या नेतृत्वाखाली सरकारी आयोग नेमला, तेव्हापासून लोकांच्या तोंडी पाण्याचं हे नाव बसलं. ओरिलियाकरांना तर त्याच्याही आधीचा अभिमान आहे. १९०२ मध्ये या छोट्या गावानं सेव्हर्न नदीवर स्वतःच्या मालकीचं वीजकेंद्र उभारलं. आज या प्रांतातली निम्म्याच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येते, तरी नाव पाण्याचंच. आपण तिला ‘लाइट’ म्हणतो. पंखा बंद पडला तरी ‘लाइट गेली’, मोटर चालेना तरी ‘लाइट नाही’. मुंबईची वीजही १९१५ पासून खोपोलीच्या पाण्यावरच झाली, पण आपण नाव ठेवलं ते पाण्यावरून नाही, उजेडावरून. ती कुठून निघाली हे इथल्यांनी लक्षात ठेवलं, ती घरात आल्यावर काय झालं हे आपण. दोन्ही नावांत कृतज्ञता आहे असं मला वाटतं.

*

उद्याचे सात तास काही मोठे नाहीत. तरी सकाळपासून मी कामाला लागले आहे, त्याला कारण गेल्या वर्षीचा मार्च आहे.

२०२५ च्या मार्चमधला शेवटचा शनिवार-रविवार. वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत शून्याखालची हवा, असं झालं की पडणारा पाऊस पाणीच राहतो, पण ज्याला शिवेल त्याच्यावर गोठतो. फांदीवर, तारेवर, दाराच्या कडीवर. शुक्रवारी रात्रीपासून असा पाऊस लागला. शनिवारी सकाळी प्रत्येक काडी काचेत बसवल्यासारखी दिसत होती. दुपारपर्यंत मी फोटो काढत होते. रात्री झाडं मोडायला लागली. बार उडाल्यासारखा आवाज, मग काच सांडल्यासारखा लांबलचक खळखळाट, मग शांतता, मग पुन्हा बार. रात्रभर. नऊ वाजता लाइट गेली. रविवारी गावानं आणीबाणी जाहीर केली. पुढच्या दिवसांत कळलं की मध्य ऑन्टेरिओत दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज त्या वादळानं घालवली होती.

आमच्या घरात तेव्हा काय होतं? अर्धे चार्ज असलेले दोन फोन. एक विजेरी, तिच्यातले सेल फुटून पांढरे झालेले. दिवाळीच्या उरलेल्या अकरा पणत्या. तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस होती, नळीत गॅसही होता, पण तिची ठिणगी पाडायला आणि गरम हवा घरभर फिरवायला वीज लागते, हे आम्हा दोघांना तोवर ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ऊब भिंतीच्या जाळीतून येत होती आणि आम्ही ती घेत होतो. दुसऱ्या रात्री घरात नऊ अंश होते. श्वास दिसत होता. पणत्यांच्या उजेडात आम्ही दोघं आईनं शिवलेल्या गोधडीत बसलो होतो आणि एकमेकांना म्हणत होतो, येईल आता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. शेजारच्या आजींचा नातू होता. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत बर्फाच्या काचेवर वाळू टाकत टाकत आला होता. ‘आजीनं बोलावलंय, दोघांनाही. चहा टाकलाय.’

त्या आजी तेव्हा पंच्याऐंशीच्या. नऊ वर्षांची आमची ओळख, पण ती कुंपणावरची. हात करायचा, हवेबद्दल बोलायचं, ख्रिसमसला एक डबा तिकडून इकडे, दिवाळीला एक इकडून तिकडे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या बैठकीच्या खोलीत गेले. लाकडाची लोखंडी शेगडी ढणढण पेटलेली, तिच्यावर किटली, भिंतीशी कपाळाइतक्या उंचीपर्यंत फोडलेल्या लाकडांची रास. मॅपल आणि ओक. एका रेषेत रचलेली, साल खाली केलेली. आम्ही त्या खोलीत चार रात्री झोपलो.

दुसऱ्या रात्री मला राहवलं नाही. रास खाली येताना दिसत होती आणि त्यांची ऊब आम्ही दोघांनी वाटून घेतली होती. मी विचारलं, ‘लाकडं पुरतील ना?’

त्या विणत होत्या. सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, ‘दहा दिवस पुरतील. रचतानाच तुम्हा दोघांना धरून रचली होती.’

रचतानाच. म्हणजे आदल्या शरद ऋतूत. वादळ सहा महिने दूर होतं. आम्ही टोरांटोला लेकीकडे गेलो असू, किंवा अंगणातली पानं गोळा करत हात केला असेल, आणि त्या वेळी ही बाई कुंपणापलीकडे लाकडांच्या हिशेबात आमची दोन माणसं मिळवत होती. आम्हाला न विचारता, न सांगता. मी काही बोलू शकले नाही. उठून शेगडीत एक ओंडका सरकवला, तोही तिरपा पडला. त्यांनी चिमट्यानं तो सरळ केला.

*

ही जातकुळी मी ओळखत होते. फक्त इतकी वर्षं विसरले होते.

माझी आजी वैशाखात बेगमीला लागायची. मिरगाआधी सगळं घरात यायला हवं. लाकूडफाटा, शेणी, उकडे तांदूळ, कुळीथ, सोलं, मीठ, सुके बांगडे, सुकी सुंगटं, फणसाची साठं, रॉकेलचा डबा. चुडतांची झापं विणून पडवीला लावायची. चार महिने नदी-नाले रस्ता अडवणार, बाजार बंद, वाडीतून कुडाळला जाणं म्हणजे दिव्य. पलीकडे गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात, पोर्तुगीज शब्दावरून आलेलं नाव, आणि पावसाआधी त्याचे बाजार भरतात. आम्ही बेगमी म्हणायचो. ‘साठवण’ म्हटलं की नुसता माल डोळ्यांपुढे येतो. बेगमी म्हटलं की त्या मालामागची माणसं येतात, कारण बेगमी माणसं मोजून करतात.

आजी पायलीनं तांदूळ मोजून कणगीत ओतायची. प्रत्येक पायलीला एकेक नाव. ही तुझ्या बापाची, ही काकाची, ही आत्या माहेरपणाला येईल तिची, ही शेतावरच्या गड्यांची. सगळ्यात शेवटी एक पायली ओतताना ती नाव घ्यायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘ती येतल्या-जातल्याची गो. कोण तां आपणाक खय म्हायत?’ आणि खरंच, दर पावसात कुणीतरी यायचं. पुरामुळे अडकलेला मास्तर, गुरं शोधत आलेला पलीकडच्या वाडीतला म्हातारा, एकदा तर एस. टी. बंद पडली म्हणून कंडक्टर. ती पायली श्रावणाअखेर संपलेली असायची.

आमच्या वाडीत लाइट आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. पहिला दिवा लागला त्या संध्याकाळी सगळे आनंदानं ओरडले. आजीनं दिव्याला हात जोडले, आणि मग रोजच्यासारखी कंदिलाची काच राखेनं पुसायला बसली. वडील म्हणाले, आता कशाला? ती म्हणाली, ‘लाइट म्हणजे पावणो. इलो तर बसवचो, गेलो तर रडाचा नाय.’ काड्यापेटी चुलीवरच्या कोनाड्यात, उजव्या हाताला, हे तिनं मरेपर्यंत बदललं नाही. अंधारात हात बरोबर तिथे जायचा.

गेल्या वर्षी शेगडीपाशी बसून मी हे शेजारच्या आजींना सांगितलं. त्यांनी विणकाम खाली ठेवलं. त्यांचं लहानपण शेतावरचं, आणि इथल्या बऱ्याच शेतांवर वीज पोहोचली ती दुसरं महायुद्ध संपल्यावर. त्याही तेव्हा सात-आठ वर्षांच्याच. त्यांच्या आईनं रॉकेलचा दिवा फडताळात भरून, वात कातरून ठेवलेला होता, अखेरपर्यंत. उठून तो आणून दाखवला. काच बारीकशी तडकलेली, बाकी शाबूत. मला हात लावू दिला. दोन खंडांवरच्या दोन बाया, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या, आणि दोघींनी दिव्याची काच पुसून ठेवली.

असं वादळ इथे पूर्वीही येऊन गेलं आहे. १९९८ च्या जानेवारीत क्वेबेक आणि पूर्व ऑन्टेरिओत अशाच गोठत्या पावसानं विजेचे पोलादी मनोरे वाकवून जमिनीला टेकवले, काही ठिकाणी महिनाभर वीज नव्हती. गोठ्यांत दुभत्या गाई, आणि दूध काढायची यंत्रं बंद. गाईला आज नको, उद्या काढतो असं सांगता येत नाही. तेव्हा जनरेटर एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरत होते. एकाचं दूध काढून झालं की यंत्र ट्रॅक्टरला जोडून शेजारच्याकडे. मला त्या हिवाळ्यातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे फिरणं जास्त लक्षात राहिलं आहे.

*

तर आज आमची बेगमी चालली आहे.

सकाळी गॅरेजचं दार हातानं उघडून पाहिलं. वरून लोंबणारी लाल दोरी ओढली की मोटर सुटते आणि दार उचलता येतं, नाहीतर गाडी आतच अडकते. स्वयंपाकघराचं सिंक उत्तरेच्या भिंतीला आहे, म्हणून त्याखालच्या कपाटाची दारं उघडून ठेवली, पाइपांना खोलीची ऊब मिळावी. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, ठासून भरलेला फ्रीझर तर दोन दिवससुद्धा. तेव्हा उद्या लागणारं सगळं आजच बाहेर काढून एका पेटीत घातलं. फोन, विजेऱ्या, रेडिओचे सेल. आमच्याकडे पाणी गावाचं आहे, ते येत राहील. गावाबाहेर विहिरीवर पंप असलेल्यांना लाइट गेली की पाणीही जातं, त्यामुळे आमचे एक स्नेही आज बादल्या भरत असतील. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी डबी सेल बदलून वाजवून पाहिली. या वायूला वास नाही, रंग नाही. ऊब मिळावी म्हणून लोक घरात कोळसा पेटवतात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावतात आणि झोपेतच जातात. एका पोलीस अधिकाऱ्याचं अख्खं कुटुंब याच वायूनं गेल्यावर ऑन्टेरिओनं २०१३ मध्ये ही डबी घरांत सक्तीची करणारा कायदा केला. थंडीच्या गावात आगीइतकंच हवेलाही जपावं लागतं.

आणि मुख्य म्हणजे बैठकीच्या खोलीतली नवी शेगडी. गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर उन्हाळ्यात बसवून घेतली. गॅसचीच आहे, पण तिला भिंतीतली वीज लागत नाही. आत एक बोटाएवढी निळी ज्योत कायम तेवत असते, आणि त्या ज्योतीच्या उष्णतेवरच एक धातूची कांडी अगदी थेंबभर वीज तयार करते. गॅसची झडप उघडायला तेवढा थेंब पुरतो. बसवायला आलेल्या माणसानं हे समजावून सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं. स्वतःपुरती वीज स्वतःच करणारी ज्योत! तेव्हापासून रात्री झोपायला जाताना मी काचेतून तिच्याकडे एकदा पाहते, जशी आजी समईकडे पाहायची.

दुपारी खिडकीबाहेरच्या दाण्यांच्या पेटीवर चिकाडी आल्या. चिमणीहून लहान, काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल. एक दाणा उचलायचा आणि भुर्रकन जायचं, पुन्हा यायचं. वाटतं किती खादाड. पण ती दरवेळी खात नसते. शरदापासून ही चिमुकली पाखरं सालीच्या भेगांत, सुयांच्या झुपक्यांत, हजारो जागी एकेक दाणा दडवत असतात, आणि कुठे ठेवला हे त्यांच्या लक्षात राहतं. रात्री अंगातली उष्णता वाचवण्यासाठी ती शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवते आणि थरथरत सकाळ गाठते. वजन किती, तर दहा-बारा ग्रॅम. दोन चमचे साखर. एवढ्याशा जिवाची बेगमी पाहिली की हातातलं काम सोडून बसावंसं वाटत नाही.

तीन वाजता लेकीचा फोन. ‘आई, सात तासच तर आहेत. इकडे या ना दोघं, सिनेमा बघू.’ तिचं खरं आहे. गाडीत बसलो तर उद्या संध्याकाळी घर पुन्हा उबदार झाल्यावरच परतता येईल. मी म्हटलं, ‘अगं, आजी येणार आहेत आपल्याकडे.’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग त्यांना कुळथाची पिठी घाल. मार्चमध्ये तू त्यांच्या शेगडीवर केलेली, त्यांनी दोनदा मागून घेतली होती.’

गेल्या शरदात आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी लाकूड पेटवणं सोडलं. शेगडी आहे, तिच्यावर आता कुंडी ठेवली आहे. भिंतीशी रास नाही. ऑक्टोबरात मी ती रिकामी भिंत पाहिली आणि काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. घरी येऊन नवऱ्याला एवढंच म्हटलं की या हिवाळ्यात आपण तिघं आहोत. त्यानं मान हलवली. आज सकाळपासून तो बाहेर आहे. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत फावड्यानं वाट करतोय, एकदा केली की तासाभरात भरते, पुन्हा करतोय. वाळूची पिशवी त्यांच्या पायरीपाशी ठेवून आलाय.

संध्याकाळी पिठी केली. आमची चूल विजेची, उद्या तिचा उपयोग नाही, म्हणून आजच. चारपाच लसणाच्या पाकळ्या सालीसकट ठेचल्या, तेलात लाल होईपर्यंत परतल्या, मग कांदा. कुळथाचं पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवून ओतलं, ढवळत राहिले. पिठी फुगायला लागली की तिचा रंग ओल्या मातीचा होतो आणि वास थेट मागच्या पडवीत नेऊन सोडतो. वर दोन सोलं. दुसऱ्या भांड्यात उकड्या तांदळाची पेज. हा तांदूळ ब्रॅम्प्टनहून आणावा लागतो, जाऊन-येऊन तीन तास. पेज अर्धवट शिजली की भांडं उतरवून टॉवेलात गुंडाळून ठेवायचं, उरलेलं ती स्वतःच्या उष्णतेत शिजते. उद्या सकाळी साडेआठला दोन्ही कढत करून रुंद तोंडाच्या थर्मासात भरायची. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं विसळून घ्यायचा, म्हणजे आतली काच पदार्थाची ऊब ओढून घेत नाही. हे मला मार्चमध्ये शेजारच्या आजींनी शिकवलं.

सात वाजता त्यांना फोन केला. म्हटलं, ‘उद्या पावणेनऊला हा न्यायला येईल. एकट्या निघू नका.’

‘मी माझं विणकाम आणीन,’ त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘आणि दिवा. तेव्हा नुसता दाखवला होता. पेटवून दाखवते.’

दिवसाउजेडी पेटवणार. मी हो म्हटलं.

बर्फ अजून पडतो आहे. पण हवामानखातं म्हणतं की पहाटे थांबेल, आणि ढग गेले की थंडी वाढेल, उणे बावीस. रस्त्याच्या टोकाला कंपनीची एक गाडी दिवसाच येऊन उभी राहिली आहे, वर बादली असलेला लांब हात दुमडून. छतावर वीतभर बर्फ साचलाय. उद्या त्या बादलीत उभं राहून कुणीतरी तीन मजले उंच जाईल. जाड हातमोज्यांत बारीक बोल्ट फिरवायचे, वाऱ्यात तार धरायची, सात तास. आमच्या वाडीत पावसात तार तुटली की वायरमन सायकलवरून यायचा, इरलं पांघरून, आणि शेताच्या बांधावरून खांबाकडे जाताना आजी त्याला हाक मारून थांबवायची. आधी चहा, मग खांब. लाइट आल्यावर नव्हे, आधी. भाऊ सांगतो, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आठ दिवस लाइट नव्हती, तेव्हाही वाडीतल्या घरांनी पाळी लावून त्या माणसांना जेवण दिलं.

आलं किसून वाटीत झाकून ठेवलं. सकाळी मोठ्या थर्मासात चहा, दूध-साखर घालूनच, आणि गवती चहाची दोन सुकी पाती, आईनं पाठवलेली. काड्यापेटी शेगडीच्या वर, उजव्या हाताला ठेवली. मग ओट्यावर कप मांडायला घेतले. एक नवऱ्याचा, एक माझा, एक आजींचा, एक त्यांचा नातू शाळेतून परस्पर आला तर त्याचा. त्या गाडीतून किती जण उतरतील ते माहीत नाही. कपाटातून आणखी सहा काढले.